घरी सिस्टर ठेवायची आहे? कोल्हापुरात शोध कसा घ्यायचा, कागद कसे तपासायचे

डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या काउंटरवर रांग असते, खाली रिक्षा थांबलेली असते आणि त्याच गडबडीत डॉक्टर सांगून जातात, "नळी आहे ना, घरी एक सिस्टर ठेवा." मग भावकीतल्या कुणाकडून तरी एक नंबर येतो. संध्याकाळी पांढरा कोट घातलेली एक बाई दारात उभी राहते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ती काय शिकली, कुठे नोंदलेली आहे, हे विचारायचं त्या वेळी कुणालाच सुचत नाही. पांढरा कोट लक्ष्मीपुरीत कुठल्याही दुकानात मिळतो. नोंदणी क्रमांक तसा मिळत नाही, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या क्रमांकाभोवतीच आहे.

पहिलं काम: यादी

माणूस शोधण्याआधी कामाची यादी करा. वॉर्डमधून निघण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा इन्चार्ज सिस्टरना विचारा की घरी रोज नेमकं काय करायचं आहे, कोणत्या वेळी करायचं आहे आणि किती दिवस. शक्यतो हे डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांच्याच हातून लिहून घ्या. "काळजी घ्या" एवढं पुरेसं नाही. "लघवीची नळी अमुक तारखेला बदलायची", "ड्रेसिंग एक दिवसाआड", "नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी पातळ आहार" अशी वाक्यं हवीत.

यादी हातात आली की निम्मा प्रश्न सुटतो. अंघोळ, डायपर, कूस बदलणं, हाताला धरून चालवणं, तोंडाने भरवणं, वेळेवर गोळ्यांची आठवण करून देणं, एवढंच असेल तर तुम्हाला नर्स नको, चांगली अनुभवी आया किंवा केअरटेकर हवी. पुरुष पेशंट असेल आणि उचलण्याचं काम जास्त असेल तर वॉर्डबॉय म्हणून काम केलेला माणूस बघा. अशा कामाला नर्स ठेवली की पैसे जास्त जातात, आणि ती आठवड्याभरात कंटाळून दुसरीकडे जाते.

उलट शिरेतून इंजेक्शन, लघवीची किंवा नाकातली नळी घालणं-बदलणं, गळ्याला भोक पाडलेल्या पेशंटचं सक्शन (यंत्राने कफ ओढणं), खोल बेडसोरचं (अंथरुणात पडून झालेल्या जखमेचं) ड्रेसिंग, ऑपरेशननंतरच्या ड्रेनची (आतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) देखभाल, यातलं एक जरी काम यादीत असेल तर नोंदणीकृत नर्सशिवाय चालवून घेऊ नका. नाकातली नळी चुकून श्वासनलिकेत गेली आणि त्यातून दूध सोडलं तर ते थेट फुफ्फुसात जातं. मावशी कितीही प्रेमळ असली तरी हे काम तिचं नाही, आणि ते तिच्याकडून करून घेणं तिच्यावरही अन्यायच आहे.

बऱ्याच घरांत सगळ्यात शहाणपणाचा मार्ग दोन्ही एकत्र घेण्याचा असतो. बारा तासांची आया ठेवायची, आणि ड्रेसिंग, इंजेक्शन किंवा नळी बदलण्यापुरती नर्सची व्हिजिट. नर्स आणि आया पुरवणारे ब्युरोवाले हा पर्याय आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांचा फायदा महिन्याच्या ड्युटीत असतो.

कोर्स कोणते, आणि कुणाला नर्स म्हणायचं

एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स. मुख्य भर बाळंतपण, लसीकरण आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेवेवर. जीएनएम तीन वर्षांचा, मधल्या काही बॅचेसचा साडेतीन. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. यापैकी काहीही केलं तरी परीक्षा पास झाली म्हणून लगेच नर्स म्हणून काम करता येत नाही. महाराष्ट्रात महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, म्हणजे बोलीत ज्याला एमएनसी किंवा नुसतं कौन्सिल म्हणतात तिथे, नाव नोंदवावं लागतं. ही परिषद 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली चालते आणि तिचं कार्यालय मुंबईत आहे.

याशिवाय जीडीए, होम हेल्थ एड, पेशंट केअर असिस्टंट असे काही महिन्यांचे कौशल्य कोर्स आहेत. त्यांत वाईट काही नाही. आया किंवा केअरटेकर म्हणून ठेवताना असा कोर्स केलेली मुलगी मिळाली तर उत्तमच. पण त्या प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी मिळत नाही. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा पाट्या क्लासेसच्या बोर्डांमध्ये दिसतात, त्यांचा अर्थ एवढाच लावावा. नर्सिंग कॉलेजमध्ये अजून शिकत असलेली मुलगीसुद्धा नोंदणीकृत नर्स नसते, मग ती शेवटच्या वर्षाला का असेना.

परदेशात राहणारी मुलं हल्ली फोनवर म्हणतात, "आईसाठी एक नर्स प्रॅक्टिशनर बघा." अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर पेशंट तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. अनेक राज्यांत स्वतःचा दवाखानाही चालवते. आपल्याकडे ती व्यवस्था नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी कोर्स आखला आहे, आणि बाळंतपणासाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा दीड वर्षाचा. पण ही माणसं हॉस्पिटलच्या चौकटीत, तिथल्या ठरलेल्या नियमांनुसार काम करतात. तेव्हा गल्लीत कुणी "नर्स प्रॅक्टिशनर" अशी पाटी लावून औषधं लिहून देत असेल, तर तिथे पायरी चढू नका. मुलाला समजावून सांगा की इथे आपल्याला लागतील दोन माणसं, घरी येणारे किंवा फोनवर उपलब्ध असणारे डॉक्टर आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे काम करणारी नोंदणीकृत नर्स.

कुठे विचारायचं

सगळ्यात भरवशाची जागा तुम्ही जिथून बाहेर पडताय तीच, म्हणजे हॉस्पिटलचा वॉर्ड. इन्चार्ज सिस्टरना माहीत असतं कोण नोकरी सोडून घरी काम करतं, कोण हल्लीच निवृत्त झालं. सीपीआर या सरकारी रुग्णालयात असाल तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. घरी गेल्यावर पेशंटचं कसं होणार हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि परिस्थिती बेताची असेल तर मदतीचे इतर मार्गही तेच दाखवतात. मात्र हॉस्पिटलमध्ये सध्या नोकरीत असलेल्या नर्सला "ड्युटी संपली की आमच्याकडे या" असा आग्रह करू नका. रात्रपाळी करून आलेलं माणूस सकाळी तुमच्या घरी इंजेक्शन भरणार, हे तुमच्याच पेशंटला धोक्याचं.

दुसरी जागा फॅमिली डॉक्टर. ज्या डॉक्टरांकडे म्हाताऱ्या पेशंटची गर्दी असते त्यांच्या कंपाउंडरच्या वहीत दोन-चार नंबर असतातच.

तिसरी, आणि माझ्या मते आपल्या गावात सगळ्यात कमी वापरली जाणारी जागा, म्हणजे निवृत्त नर्स. रुईकर कॉलनी, कसबा बावडा, राजारामपुरी, शिवाजी पेठ, कुठेही चार घरं विचारलीत तर सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या एखाद्या सिस्टर निघतात. पूर्ण वेळ ड्युटी त्या करणार नाहीत, पण रोज अर्ध्या तासाची व्हिजिट आणि आयाला शिकवणं त्या आनंदाने करतात. त्यांचीही नोंदणी चालू आहे का, ते मात्र बघायचंच.

ब्युरो चौथ्या नंबरावर. "पुढारी" किंवा "सकाळ"मधल्या छोट्या जाहिराती, हॉस्पिटलबाहेरच्या औषध दुकानाच्या काचेवरची चिकटपट्टी आणि मोबाईलवरचा शोध, यांतून जे मिळतं ते बहुतेक ब्युरोच असतात. त्यांच्याविषयी पुढे.

खेड्यात असाल तर उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी यांना आधी विचारा. शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत. साधं ड्रेसिंग किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं इंजेक्शन यासाठी पेशंटला तिथे नेता येत असेल तर घरी कुणाला बोलवायची गरजच पडत नाही. आशाताईंना मात्र इंजेक्शन द्यायला लावू नका. त्यांचं प्रशिक्षण त्यासाठीचं नाही.

फोनवरच निम्मी चाळणी

घरी बोलावण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. कोर्स कोणता, कुठून, कोणत्या वर्षी? कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय आणि नूतनीकरण कधीपर्यंत आहे? आपल्या यादीतलं अवघड काम शेवटचं कधी केलं? आणि सध्या आणखी किती घरं आहेत?

खरी नर्स या प्रश्नांना चिडत नाही. तिला हॉस्पिटलच्या प्रत्येक मुलाखतीत हेच विचारलेलं असतं. क्रमांक पाठ नसला तरी "थांबा हं काकू, फोटो टाकते" असं म्हणून ती पाच मिनिटांत पाठवते. "आमच्या ब्युरोवर विश्वास ठेवा की वो" किंवा "वीस वर्षं झाली हेच करतोय, कागदाचं काय घेऊन बसलाय" असं उत्तर आलं तर नम्रपणे फोन ठेवा. वीस वर्षांचा अनुभव खराही असेल, पण तो आयाचा अनुभव असू शकतो. तसं असेल तर तिला आया म्हणून, आयाच्या कामाला ठेवा. त्यात कुणाचाच अपमान नाही.

आणखी एक प्रश्न विचारा. हेपॅटायटिस बीची लस घेतली आहे का? सुयांशी रोज संबंध येणाऱ्या माणसाने ती घेतलेली असते. उत्तर अडखळलं तर समजायचं ते समजा.

कागद हातात आल्यावर

कागद मूळ बघायचे, झेरॉक्स ठेवून घ्यायची. बघायचे कागद म्हणजे परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, नूतनीकरणाचा कागद, कोर्सचं अंतिम प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि आधीच्या नोकरीचं पत्र. क्रमही हाच ठेवा. लोक उलटं करतात. आधार कार्ड बघून खूश होतात, आणि आधारचा नर्सिंगशी काही संबंध नसतो.

नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदणी कशाची आहे ते वाचा. एएनएमची नोंद वेगळी, आणि आरएन, आरएम म्हणजे नोंदणीकृत नर्स व नोंदणीकृत मिडवाइफ ही वेगळी. गळ्याच्या नळीच्या किंवा व्हेंटिलेटरवरून सुटलेल्या पेशंटसाठी एएनएम पुरेशी नाही, तिथे जीएनएम किंवा बी.एस्सी. आणि आयसीयूचा अनुभव मागा.

नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षणाचे ठरावीक तास पूर्ण करावे लागतात. म्हणून 2009 च्या प्रमाणपत्राला नुसतं लॅमिनेशन करून आणलं असेल तर तो अर्धाच कागद आहे. चालू मुदतीचा कागद मागा. मुदत संपून दोन-तीन महिने झाले असतील आणि अर्ज केल्याची पावती असेल, तर मी समजून घेईन. आठ वर्षं झाली असतील तर नाही.

आता नावाचा घोळ. आपल्याकडे हा हमखास असतो. कोर्स लग्नाआधी झालेला, त्यामुळे नोंदणीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर सासरचं. एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका. विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र मागा. तेही नसेल तर जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का आणि फोटो त्याच बाईचा आहे का, हे बघा. बहिणीच्या किंवा जावेच्या प्रमाणपत्रावर काम करणाऱ्या बायका असतात. तिथे जन्मतारीख फसते.

कोर्सच्या प्रमाणपत्रावर देणारी संस्था कोण, तेही वाचा. बी.एस्सी. नर्सिंगची पदवी विद्यापीठ देतं, मग ते नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ असेल किंवा आपल्या गावात डी. वाय. पाटलांसारखं अभिमत विद्यापीठ. एएनएम-जीएनएमच्या परीक्षा आता महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. जुन्या मंडळींच्या कागदावर परिषदेचंच नाव असेल, ते बरोबर आहे. कागदावर नुसतं एखाद्या "अकॅडमी"चं किंवा ट्रस्टचं नाव आणि खाली गोल शिक्का असेल, तर तो कोर्स नोंदणीचा नाही. एएनएम किंवा जीएनएम घरबसल्या, टपालाने होत नाही.

"मूळ कागद हॉस्पिटलमध्ये जमा आहेत" हे कारणही ऐकायला मिळेल. काही खासगी हॉस्पिटलं नर्सने नोकरी सोडू नये म्हणून खरोखरच मूळ कागद ठेवून घेतात, तेव्हा ते थाप असेलच असं नाही. पण नोंदणी क्रमांक तर तिच्याकडे असणारच.

क्रमांक खरा आहे का, हे परिषदेकडून

कागद छापता येतो, म्हणून क्रमांक पडताळायचा. सगळ्यात सोपं म्हणजे तिच्याच मोबाईलवर, तुमच्यासमोर, परिषदेच्या संकेतस्थळावरचं तिचं खातं उघडून दाखवायला सांगा. नूतनीकरण हल्ली ऑनलाइन होत असल्यामुळे चालू नोंदणी असलेल्या नर्सचं खातं असतंच. दुसरा धागा म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलची देशभरातल्या नर्सची राष्ट्रीय नोंदवही. त्यात नाव असलेल्या नर्सला एक एनयूआयडी क्रमांक मिळतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदवहीतही नर्सेसना नाव घालता येतं, पण ते ऐच्छिक आहे. तिथे नाव नाही म्हणून कुणी बोगस ठरत नाही.

महिनोन् महिने ठेवायची असेल, किंवा काही खटकत असेल, तर परिषदेला ईमेल करा. नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीचं वर्ष आणि "ही नोंदणी चालू आहे का" एवढा एकच प्रश्न. उत्तराला वेळ लागला तरी ईमेल पाठवल्याची गोष्ट ब्युरोला सांगा. त्यांच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

2023 साली राष्ट्रीय शुश्रूषा व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला आहे. जुन्या केंद्रीय कौन्सिलची जागा आयोगाने आणि राज्यांत राज्य आयोगांनी घ्यायची अशी त्यात तरतूद आहे. त्यामुळे पुढेमागे नव्या कागदांवर वेगळं नाव दिसलं तर गोंधळून जाऊ नका. क्रमांक आणि मुदत या दोन गोष्टी तेव्हाही बघायच्याच.

निपाणीपलीकडचे कागद

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. आपल्याकडे निपाणी, चिकोडी, बेळगावहून येणाऱ्या नर्स भरपूर, आणि इथल्याही कितीतरी मुली तिकडच्या कॉलेजांत शिकून आलेल्या. पदवी असेल तर तिच्यावर बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव असतं आणि नोंदणी कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची. शिक्षण पूर्ण खरं असतं, हात चांगला असतो, मराठीही आपल्याइतकीच येते. पण नियमानुसार इथे काम करायचं तर मूळ राज्याच्या परिषदेचा ना हरकत दाखला घेऊन महाराष्ट्रात नोंदणी करून घ्यायची असते. त्याला रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन म्हणतात.

अशी मुलगी आली तर तिला विचारा, इथली नोंदणी झाली आहे का, की अर्ज केला आहे. कर्नाटकची चालू नोंदणी आणि इथल्या अर्जाची पावती असेल तर निदान शिक्षण खरं आहे एवढं कळतं. फक्त कॉलेजची गुणपत्रिका असेल आणि कुठल्याच राज्याची नोंदणी नसेल, तर नाही म्हणा. कारण परीक्षा पास होऊनही वर्षानुवर्षं नोंदणी का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा कॉलेजच्या मान्यतेत असतं.

ब्युरोशी बोलताना

ब्युरो भिंतीवरचा शॉप ॲक्टचा कागद दाखवतात. तो दुकान चालवण्याचा कागद आहे. कामगार थोडे असतील तर नुसती सूचना देऊन पावती मिळते. सिस्टर शिकलेल्या आहेत याचा तो पुरावा नाही. ब्युरोला सरळ सांगा, "ज्या सिस्टर येणार त्यांची नोंदणी आदल्या दिवशी पाठवा, आणि बदली पाठवणार असाल तर तिचीही." खरी मेख बदलीत असते. पहिल्या दिवशी बी.एस्सी. झालेली येते, दहाव्या दिवशी "त्यांना ताप आलाय" म्हणून दुसरीच कुणीतरी, आणि तिला बीपीचं यंत्र लावता येत नाही. पैसे मात्र नर्सचेच.

दर ठरवताना बारा तासांचे की चोवीस तासांचे, जेवण कुणाचं, सुट्टीच्या दिवशी कोण, आगाऊ रक्कम परत मिळणार का आणि किती दिवसांत, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे खात्यावर द्या, पावती घ्या. त्यातले नर्सच्या हातात किती पडतात, हेही विचारायला लाजू नका. जिच्या पगारातला मोठा वाटा ब्युरो कापून घेतो ती तुमच्याकडे टिकत नाही. मेडिक्लेममधून घरच्या आयाचा खर्च साधारणपणे मिळत नाही. नर्सचा मिळतो का, हे पॉलिसी वाचून आधीच ठरवा.

चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागरण नव्हे. झोपायला जागा, स्वच्छ बाथरूम, रात्री सलग काही तास विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी, हे दिलं नाही तर चौथ्या रात्री औषधाची चूक होणारच.

पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला नर्सने स्वतः ऑनलाइन अर्ज करून काढायचा असतो. नोकरीसाठी तो लागतोच, त्यामुळे अनेकींकडे तयार असतो. आधारची प्रत घेताना मास्क्ड आधार, म्हणजे सुरुवातीचे आकडे झाकलेली प्रत घ्या, आणि ती घरच्या सगळ्या ग्रुपवर फिरवू नका.

पहिली ड्युटी बघत बसा

पहिल्या दिवशी घरातल्या एका जाणत्या माणसाने रजा काढावी. तपासायला नव्हे, नुसतं शेजारी बसायला.

बावड्यात आमच्या ओळखीच्या एका मामांना लघवीची नळी लावून घरी आणलं होतं. नव्या सिस्टर आल्या. मामींनी लगेच चहाचं आधण ठेवलं. "काकू, चहा मग. आधी कार्ड द्या, आणि बेसिन कुठाय?" हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून पर्समध्ये. साबणाने मनगटापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून. मग डिस्चार्ज कार्ड वाचलं, इंजेक्शनची कुपी उचलून तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, कार्डावरच्या नावाशी जुळवलं, मुदतीची तारीख बघितली. मामांना विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का वो तुम्हाला?" मामा म्हणाले, "तसलं काय न्हाई, पोरी." तरी तिने मामींना पुन्हा विचारलं. आदल्या दिवशी आलेल्या बाईने लघवीची पिशवी गादीवर मामांच्या पायाशी ठेवली होती. या सिस्टरनी ती पहिल्यांदा खाली पलंगाच्या दांडीला अडकवली, जमिनीला टेकणार नाही अशी. पिशवी मूत्राशयापेक्षा वर राहिली तर लघवी उलटी वाहते आणि जंतुसंसर्ग होतो. हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागली, आणि त्यानंतर तिचे कागद पुन्हा काढून बघायची गरज कुणाला वाटली नाही.

नाकातल्या नळीचा पेशंट असेल तर ती भरवण्याआधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघते का, डोक्याकडची बाजू उंच करते का, आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवते का, हे बघा. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली पाहिजे. ती रात्री बदलली जाते का, हेही.

आणि एक धोक्याची घंटा. "अशक्तपणा वाटतोय ना, मी एक ताकदीची सलाईन लावून देते" असं जी म्हणते तिला दुसऱ्या दिवशी बोलवू नका. काय लावायचं हे डॉक्टर ठरवणार. हृदय किंवा किडनी कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला एक बाटली जास्त झाली तरी फुफ्फुसात पाणी साचू शकतं. उलट, चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेलं इंजेक्शन द्यायला जी नकार देते, ती भांडखोर वाटली तरी तिलाच ठेवा. शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घरी घेऊच नका, रिअॅक्शन आली तर हाताशी हॉस्पिटल हवं.

वही आणि सुया

उशाशी एक शंभर पानी वही ठेवा. वेळ, बीपी, ताप, नाडी, साखर, दिलेलं औषध, लघवी किती, संडास झाली का, आणि सही. ड्युटी बदलताना जाणारीने येणारीला वहीवरून सांगायचं. डॉक्टरांना फोन करताना हीच वही उघडी ठेवायची. जी नर्स लिहायला टाळाटाळ करते तिला काम येत नसतं किंवा तिने ते केलेलं नसतं. वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर, जवळच्या हॉस्पिटलचा नंबर आणि 108 मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

वापरलेल्या सुया घंटागाडीच्या पिशवीत टाकू नका. कचरा वेचणाऱ्या हातांत त्या घुसतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा, झाकण लावा आणि डबा भरत आला की ज्या दवाखान्यात ड्रेसिंगला जाता तिथे देता येईल का ते आधीच विचारून ठेवा. दवाखान्यांना जैववैद्यकीय कचरा वेगळा देण्याची व्यवस्था ठेवावीच लागते. चांगली नर्स सुईला पुन्हा टोपण लावत नाही, हे जाता जाता लक्षात ठेवा.

जुलै-ऑगस्टचा बंदोबस्त

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. सिस्टर शिये, वडणगे, आंबेवाडी, चिखलीकडून येत असेल आणि पेशंट शहरात असेल, किंवा उलटं, तर जूनमध्येच ठरवा की पाणी आलं तर कोण येणार. नदीच्या आपल्याच बाजूला राहणारी एक बदली सिस्टर हेरून ठेवा, तिचेही कागद तेव्हाच बघून घ्या. ऑक्सिजनवरचा किंवा सक्शन लागणारा पेशंट असेल तर पाणी चढायची वाट न बघता डॉक्टरांशी बोलून हलवायचा निर्णय आधी घ्या. चंदगड, आजरा, गगनबावडा, राधानगरीकडच्या वाड्या-वस्त्यांवर तर पावसाळ्यात शहरातून कुणी रोज येईल ही आशाच धरू नका. तिथे घरातल्या दोघांनी डिस्चार्जआधी वॉर्डमध्येच ड्रेसिंग आणि नळीतून भरवणं शिकून घेतलेलं बरं. इन्चार्ज सिस्टर शिकवतात, फक्त विचारावं लागतं.

फसवणूक झाली तर

नोंदणी खोटी निघाली तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि त्याची प्रत परिषदेला पाठवा. नोंदणीकृत नर्सने निष्काळजीपणा केला असेल तर तक्रार परिषदेकडे. नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार परिषदेला आहे. ब्युरोने पैसे बुडवले किंवा नर्स सांगून आया पाठवली, तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. सह्या केलेला कागद, खात्यावरून दिलेल्या पैशांची नोंद, ब्युरोने पाठवलेल्या नोंदणीचा फोटो आणि उशाशी ठेवलेली ती वही, एवढं जोडलं की तक्रार उभी राहते. वही मात्र मूळ देऊ नका, पानांच्या झेरॉक्स द्या. डॉक्टरांना ती पुढच्या व्हिजिटला लागणार आहे.